आपल्यासाठी नसलेला कार्यक्रम

ज्या घरांत कुणालाही संस्कृत येत नव्हते, तिथेही सकाळी सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या लागत. लोकांना हवे असे ते सात वाजून पाच मिनिटांचे पुणे केंद्राचे प्रादेशिक बातमीपत्र. पण रेडिओ आधीच लावलेला असे आणि मध्येच तो बंद करावा असे कुणाला वाटत नसे. साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या. मग दिवसभरात कधी ‘वनिता मंडळ’, कधी ‘कामगार सभा’, संध्याकाळी बाजारभाव आणि पीकसल्ला, रात्री एखादे भाषण किंवा नभोनाट्य. एकमेकांशी काहीही संबंध नसलेली माणसे आकाशवाणीच्या मराठी केंद्रांवर एकाच दिवसात बोलून जात.

त्या दिवसांची आठवण निघाली की बहुतेक जण गाण्यांकडे वळतात. मला मोलाचे वाटते ते बोलणे, आणि त्यातही आपल्यासाठी नसलेले बोलणे. शहरातल्या वाड्यात राहणाऱ्याला हरभऱ्यावरच्या घाटेअळीशी काही देणेघेणे नव्हते, तरी तिच्यावर फवारणी कधी करायची हे त्याच्या कानावर पडे. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, हा इशारा समुद्र कधी न पाहिलेल्या घरातही ऐकला जाई. त्याने कुणी शेतीतला किंवा मासेमारीतला जाणकार झाला नाही. पण आज कुणाच्या तरी होड्या किनाऱ्याला बांधून पडल्या आहेत, एवढे कळे. राज्याच्या कारभाराविषयी मत बनवणाऱ्या माणसाला हे कळणे फार गरजेचे असते, आणि ते मागून मिळत नाही. जे माहीतच नाही ते मागणार कसे? आजचे पॉडकास्ट अनेकदा रेडिओपेक्षा सखोल असतात, हे मान्यच आहे. पण ते आपण निवडतो, आणि त्या निवडीवरून पुढचे सुचवले जाते. घाटेअळी आपल्यापर्यंत कधीच पोचत नाही.

हे बोलणे रुक्षच असले पाहिजे असेही नव्हते. मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी घरगुती गप्पांच्या ओघात कितीतरी सार्वजनिक विषय सांगून जात.

मात्र नुसते कानावर पडणे पुरेसे नाही, हेही याच महाराष्ट्रात तपासले गेले आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे उभी केली. कल्पना कॅनडातल्या शेतकरी रेडिओ मंडळांची. गावातली पंधरावीस माणसे ठरलेल्या वेळी एकत्र जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत. चर्चेचा अहवाल आणि प्रश्न केंद्राकडे जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमातून येत. असे वीस कार्यक्रम झाले. पॉल न्यूरॅथ यांच्या मार्गदर्शनाखाली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे लोकांच्या माहितीत फारशी भर पडली नव्हती. मंडळे असलेल्या गावांत ती ठळकपणे पडली होती. लिहिता-वाचता न येणारी माणसेही तिथे चर्चेत बोलली. या प्रयोगाचा मला सर्वांत मोठा वाटणारा भाग म्हणजे प्रश्न उलट दिशेने केंद्राकडे गेले. आपल्या प्रसारणाने तीच दिशा पुढे सर्वांत आधी सोडून दिली.

आकाशवाणी म्हणजे सरकारचा आवाज, हा आक्षेप खोटा नाही. आणीबाणीत तिने काय केले ते देशाने ऐकले आहे. त्यानंतर नेमलेल्या वर्गीस समितीने त्यावर स्वायत्त न्यासाचा उपाय सुचवला. प्रसार भारती कायदा झाला १९९० मध्ये आणि अमलात आला १९९७ मध्ये. शिक्षण, शेती, ग्रामविकास, आरोग्य, विज्ञान यांकडे विशेष लक्ष देणे हे त्याच कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे. दरम्यान १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. तरीही खासगी एफएम केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. द्यायच्या तर आकाशवाणीच्याच जशाच्या तशा. म्हणजे रेडिओवरून आपल्या भागाविषयी गंभीरपणे बोलण्याची जवळजवळ सगळी जबाबदारी एकाच संस्थेवर येऊन पडते. ही मक्तेदारी मला अन्यायाची वाटते. पण ती आहे तोवर आकाशवाणीला बोलणे आटवण्याचा अधिकार नाही.

जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याची बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. विरोध झाला, निर्णय स्थगित झाला. विरोध करणारे बरोबरच होते, पण एक विभाग वाचवून भागणार नाही. प्रत्येक केंद्राकडे त्या भागातली माणसे गाठून त्यांना बोलते करणारे कायमस्वरूपी कर्मचारी हवेत, त्या बोलण्याला रोजची ठरलेली वेळ हवी. आणि श्रोत्यांचे प्रश्न दिल्लीला नव्हे, तर त्याच केंद्रात पोचून पुढच्या आठवड्यात त्यांना उत्तरे मिळायला हवीत.