आप्त कोण?

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही रोगपरीक्षेची तीन साधने आयुर्वेदाने सांगितली. त्यांपैकी पहिले व तिसरे आज मोबाइलवरून शेकडो कोस जाते, स्पर्श मात्र जिथल्या तिथे राहतो. २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या ऐन तोंडावर, केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि पुढच्याच महिन्यात ई-संजीवनीचा बाह्यरुग्ण विभाग घराघरांसाठी खुला झाला. ही व्यवस्था लोकांनी कबूल का करावी याची चर्चा बहुधा रेंज, यंत्र आणि साक्षरता यांपाशीच थांबते. त्या अडचणी खऱ्याच. पण ज्याचा हात आपल्या नाडीला कधी लागला नाही त्याचा शब्द प्रमाण का मानावा, हा प्रश्न मला अधिक मूलगामी वाटतो.

न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानते, पण तो आप्ताचा असेल तरच. वस्तूचे साक्षात ज्ञान आणि ते जसेच्या तसे सांगण्याची इच्छा ज्याच्या ठायी आहे तो आप्त, मग तो ऋषी असो वा म्लेच्छ, असे वात्स्यायनाने भाष्यात सांगितले आहे. तेव्हा दूरच्या शहरातला तज्ज्ञ आप्त ठरण्यास अंतराची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती ओळख पटण्याची.

मधुमेहाने जर्जर झालेल्या काकूला मी गावच्या उपकेंद्रात नेले, तेव्हा टॅबवरच्या डॉक्टरांनी आस्थेने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ती सिस्टरकडे पाहून देत होती. सिस्टरने तिचे पाऊल मांडीवर घेतले, तळव्यावरून हलकेच बोट फिरवले आणि विचारले, "इथं कळतंय का, काकू?"

"तिथं नाही गं कळत, बाई."

डॉक्टरांनी औषध बदलले. काकू मात्र आजही ती गोळी सिस्टरने दिली असेच सांगते. चिकित्सेच्या चार पादांत चरकाने वैद्य, औषध आणि रोगी यांच्या पंक्तीला परिचारकास बसवले आणि त्याच्या गुणांत अनुरागाची गणना केली, ती किती अचूक होती!

त्याच दिवशी काकूचे १४ अंकी आरोग्य खातेही काढायचे होते. ते ऐच्छिक आहे हे सिस्टरने प्रामाणिकपणे सांगितले. ओटीपी गेला नातवाच्या फोनवर, पुण्याला; त्याने तो कामाच्या गडबडीत वाचून दाखवला. माझी नोंद कोण पाहणार, असे काकूने विचारलेच नाही. ती एवढेच म्हणाली, "तू आहेस ना? मग कर." आणि जे दप्तर आपल्या ताब्यात राहणार नव्हते, त्याला सिस्टर जामीन राहिली.