सब्र आणि जाब

गेले वर्षभर एका प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिलेले नाही. तो एका आईने विचारला होता आणि तो विचारण्याची वेळ तिच्यावर काही अंशी माझ्यामुळेच आली होती.

तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी रुग्णालयात मरण पावला. आदल्या रात्री त्याचे पोट फुगले होते, ताप चढत होता आणि डॉक्टरांना बोलवा म्हणून घरची माणसे रात्रभर विनवत होती. जनाज्याची नमाज मी पढविली. कब्रस्तानातून परतताना मुलाच्या मामांनी मला विचारले, रुग्णालयाकडे कागदपत्रे मागावीत का? मी म्हणालो, त्याची घटका भरली होती. आता कागदांत काय शोधणार? सब्र करा. त्यांनी मान हलविली आणि विषय तेथेच मिटला. महिन्याभराने त्या माउलीने दाराआडून मला विचारले, "मौलाना, सब्र तर केलाच आहे. पण त्या रात्री माझ्या लेकराकडे कोणी का आले नाही, एवढे विचारले तर तकदीर नाकारल्याचा गुनाह होतो का?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. घरी येऊन किताबे उघडली. जे सापडले ते मी मदरशात पूर्वी शिकलेलेच होते.

सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आला आहे. प्रवासात एका गृहस्थाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्यातच त्यांना गुस्लची गरज पडली. तयम्मुम करून चालेल का, असे त्यांनी सोबत्यांना विचारले. पाणी असताना सवलत नाही, असे सोबत्यांनी सांगितले. त्यांनी स्नान केले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापर्यंत पोहोचली. मृत्यूची वेळ अल्लाहने नेमलेली असते, हे प्रेषितांहून (स.) अधिक कोण जाणत होते? तरीही 'त्याची वेळ आली होती' असे म्हणून त्यांनी विषय संपविला नाही. सोबत्यांनीच त्याचा जीव घेतला, अशा कठोर शब्दांत त्यांनी नाराजी व्यक्त केली. ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावर विचारणे हाच इलाज आहे, असे बजावले. तो घातक सल्ला कोणा वैद्याने दिला नव्हता, धर्माचा मसला सांगणाऱ्यांनी दिला होता. हे वाचताना माझी मान खाली गेली.

तकदीर आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपल्या मनात एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात. कुरआनात तसे नाही. सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून घडलेल्या हत्येचा हुकूम आहे. तिथे हेतू वाईट नाही, वैर नाही. तरी वारसांना दियत द्यायची आहे, वारसांनी स्वतः माफ केले तर गोष्ट वेगळी. हा माफीचा अधिकार वारसांचा आहे. तो इमामाचा नाही, मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांचा नाही आणि रुग्णालयाचा तर मुळीच नाही. आणि काय घडले हेच ज्यांना कळलेले नाही, ते माफ तरी काय करणार? मी त्या आईकडे सब्र मागत होतो की केवळ मौन?

वैद्यकी ठाऊक नसताना जो उपचार करतो तो नुकसानीचा जबाबदार असतो, असे प्रेषितांनी (स.) फर्माविले आहे. (हा इशारा दोन दिवसांच्या शिबिरात हिजामा शिकून दुकान थाटणाऱ्या आपल्या काही बंधूंनाही लागू आहे, हे सांगायला मी संकोचणार नाही.) उलट जो जाणकार आहे, ज्याने रुग्णाची परवानगी घेतली आणि विद्येची मर्यादा ओलांडली नाही, त्याच्यावर रुग्ण दगावला तरी भार नाही, असे इब्ने कय्यिम यांनी 'जादुल मआद'मध्ये मांडले आहे. प्रत्येक मृत्यू म्हणजे हलगर्जी नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली असेच म्हटले, की निर्णयातील प्रत्येक चूक निष्काळजीपणा ठरत नाही आणि डॉक्टरला फौजदारी शिक्षा व्हायची तर हलगर्जी घोर असली पाहिजे.

याच न्यायालयाचा १९६८ चा एक निकाल मूळ आपल्या महाराष्ट्रातला आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्यास आणले. तेथील शल्यविशारदांनी भूल न देता, तिघा मदतनिसांकरवी पाय जोराने ओढून प्लास्टर घातले. त्याच रात्री मुलगा वारला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला आणि शेवटच्या न्यायालयापर्यंत तो जिंकला. भरपाई तीन हजार रुपये. पंधरा वर्षे त्या पित्याने तीन हजारांसाठी काढली असतील, असे कोणाला वाटत असेल तर वाटो. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना आणि तो उपचार देताना अशी तीन ठिकाणी डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे, हे त्या निकालाने सांगितले. आजही अशा खटल्यांत त्याचा आधार घेतला जातो.

आपल्या घरांत एक अडचण अधिक असते. दफन लवकर करावे ही सुन्नत, आणि मय्यतीची विटंबना होऊ नये ही काळजी. म्हणून शवविच्छेदनाला आपण चटकन नकार देतो. मग मृत्यूचे कारण सिद्ध करणे फार कठीण होते. मय्यतीचा सन्मान खराच आहे. परंतु गुन्ह्याच्या तपासासाठी गरज असेल तर शवविच्छेदन जायज असल्याचे मक्का येथील राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने १९८७ मध्ये सांगितले आहे. संशय खरोखर असेल, तर घाईने मातीआड केलेले सत्य पुन्हा वर काढणे फार जड जाते.

आणि जाब विचारणे म्हणजे काचा फोडणे नव्हे. ड्यूटीवरच्या एखाद्या शिकाऊ डॉक्टरला मारणारा जमाव कोणाचाही हक्क मिळवत नाही. तो जुलूम आहे आणि राज्यात २०१० पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदाही आहे. रीतसर वाट उपलब्ध आहे. रुग्ण वा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. १९९५ च्या निकालापासून शुल्क घेणारी रुग्णालये ग्राहक कायद्याखाली आहेत आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

त्या माउलीकडे मी पुन्हा गेलो, चुकीचा सल्ला दिल्याबद्दल त्यांची माफी मागितली आणि मामांना सोबत घेऊन कागदांचा अर्ज मी स्वतः लिहून दिला. कागद आले. त्या शेवटच्या रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत तापाच्या तक्त्यावर एकही नोंद नव्हती. मी वाचून दाखविले, त्यांनी ऐकले, मग तो कागद माझ्या हातातून घेऊन त्याची घडी केली आणि मुलाच्या कपड्यांत ठेवली. दावा करायचा की माफ करायचे, हे त्यांनी मला विचारले नाही. मीही काही बोललो नाही.