भय हा अविश्वास आहे काय?

मृगाचा पाऊस येतो आणि त्याच्या मागोमाग शाळाही उघडतात. महाराष्ट्रांत बहुतेक ठिकाणीं जूनच्या मध्यास, व विदर्भांत उन्हामुळें कांहीं दिवसांनीं, घंटा पुनः वाजूं लागते. ज्या गांवची शाळा चौथीपर्यंतच आहे, तेथील लेंकरांस पांचवीसाठीं परगांवीं जावें लागतें. कोणी एस. टी.नें जातें, कोणी वसतिगृहांत राहतें. नवे गुरुजी, नवे सोबती, नवे विषय. आणि आदल्या रात्रीं पोटांत दुखूं लागतें, भाकर गोड लागत नाहीं. अशा वेळीं पुष्कळ भाविक घरांत लेंकरास विचारतात, "भितोस कशाला? तुझा देवावर विश्वास नाहीं काय?" बोलणाराचा हेतु चांगला असतो, परंतु ह्या प्रश्नानें लेंकराच्या माथ्यावर दुसरें ओझें चढतें. शाळेचें ओझें होतेंच. आतां आपण देवाचेही अपराधी आहों, असें त्यास वाटूं लागतें. म्हणून प्रिय वाचकहो, भय वाटणें हा खरोखर अविश्वास आहे काय, ह्याचा आपण विचार करूं या.

परमेश्वरानें यिर्मयास पाचारण केलें, तेव्हां आपण केवळ बाळ आहों, आपणांस बोलतां येत नाहीं, असें तो म्हणाला. देवानें त्यास अविश्वासू ठरवून दूर लोटलें नाहीं. त्याच्या मुखास स्पर्श केला, त्याजवर कार्य सोंपविलें आणि आपल्या सोबतीची खातरी दिली. पुढें विरोध होणार नाहीं, असें मात्र सांगितलें नाहीं. फार काय, प्रभु येशू स्वतः गेथशेमाने बागेंत अति व्याकुळ झाला, आणि त्यानें आपल्या मित्रांस जागें राहावयास विनविलें. जो निष्पाप त्यास व्याकुळता आली, तर व्याकुळतेस पाप कसें म्हणावें? त्या रात्रीं दोष द्यावयाचा तर तो झोपीं गेलेल्या मित्रांस द्यावा.

कोणी म्हणेल, भिऊं नये अशी आज्ञा शास्त्रांत वारंवार आहे. खरें आहे, पण ती भ्यालेल्याचा हात धरून दिलेला धीर आहे, दटावणी नव्हे. भय मनांत येणें निराळें, आणि भयास आपला धनी करणें निराळें. भयास्तव मूल खोटें बोलूं लागलें, परीक्षेंत कॉपी करूं लागलें, किंवा दुबळ्या सोबत्याची थट्टा होत असतां आपणही हसूं लागलें, म्हणजे तेथें अविश्वासास आरंभ होतो.

दानीएल व त्याचे तीन मित्र हेही एका प्रकारें परक्या शाळेंतील विद्यार्थीच होते. बाबेलांत त्यांचीं नांवें पालटलीं, आणि तीन वर्षें त्यांस खास्दी लोकांची भाषा व विद्या शिकावी लागली. देवानें त्यांस ज्ञान दिलें. परंतु तीं तीन वर्षें कमी केलीं नाहींत. विश्वास हा कांहीं दंडास बांधावयाचा ताईत नव्हे. न शिकलेला धडा प्रार्थनेनें पाठ होत नाहीं. मात्र शिकावयास बसण्याचें बळ प्रार्थनेनें येतें. शिवाय ते चौघे एकमेकांस धरून राहिले, हेंही आपल्या लेंकरांस अवश्य सांगावें. वर्गांत जो एकटा बसला असेल, त्याच्या शेजारीं जाऊन बसणाराचें स्वतःचें भय अर्धें होतें.

आणखी एक गोष्ट. कधीं कधीं भय हें साक्षीदार असतें. कोणी मारीत असेल, जातीवरून हिणवीत असेल, वाटेंत मुलींस त्रास देत असेल, तर लेंकराचें भय खरी बातमी सांगत असतें. तेथें 'विश्वास ठेव' एवढेंच सांगून गप्प बसविणें हा अन्याय होय. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मांग समाजांतील मुलीचा निबंध 1855 सालीं 'ज्ञानोदया'नें छापला. आपल्या लोकांचें दुःख तिनें लपविलें नाहीं. उघड मांडलें, आणि देवासही प्रश्न विचारले. जें दुःख देवापुढें मांडतां येतें, तें आईबापांपुढेंही मांडतां आलें पाहिजे. आणि आईबापांनीं तें ऐकून शिक्षकांकडे गेलें पाहिजे.

शेवटीं आईबापांनीं आपलेंही मन तपासावें. गुण कमी पडले तर लोक काय म्हणतील, हें भय पुष्कळदां आपलें असतें, आणि तें आपण लेंकराच्या दप्तरांत भरतों. आपलें ओझें आपणच प्रभूच्या चरणीं ठेवावें. शाळा उघडण्याच्या आदल्या रात्रीं उपदेश थोडा करावा, जवळ अधिक बसावें. काय वाटतें तें लेंकरास आपल्याच शब्दांत देवाला सांगूं द्यावें, आणि त्यास झोंप लागेपर्यंत आपण जागें राहावें. प्रभूनें गेथशेमानेंत आपल्या मित्रांपाशीं एवढेंच मागितलें होतें.