बुजलेल्या विहिरी
(शास्त्रवाचन : उत्पत्ती २६:१२–३३)

इसहाकाच्या चरित्रात मोठे पराक्रम फारसे नाहीत. अब्राहामाप्रमाणे तो आपला देश सोडून निघाला नाही, की योसेफाप्रमाणे राजदरबारी चढला नाही. त्याचे बरेचसे आयुष्य शेत, मेंढरे आणि विहिरी यांतच गेले. देशात दुष्काळ असता तो गरारात राहिला, पेरणी केली आणि देवाच्या आशीर्वादाने शंभरपट पीक घेतले. पलिष्ट्यांना त्याचा हेवा वाटला. अब्राहामाच्या दासांनी खणलेल्या विहिरी त्यांनी माती लोटून बुजवून टाकल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि आपल्या बापाने ठेवलेलीच नावे त्यांना पुन्हा दिली.

प्रियजनहो, हा वृत्तांत वाचताना आपापल्या मंडळीचे आवार डोळ्यांपुढे आणावे. आपल्या पुष्कळ जुन्या आवारांत एखादी विहीर आहे. मिशनच्या काळात ती खणली गेली. पाळकाचे घर, शाळा, वसतिगृह, शेजारची वस्ती यांनी तिच्यावर पाणी भरले. पुढे नळ आले, मग बोअर आली, आणि विहिरीकडे कोणी पाहीनासे झाले. कोठे तिच्यात पालापाचोळा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पडल्या, कोठे तिच्यावर स्लॅब घातला गेला. इसहाकाच्या विहिरी पलिष्ट्यांनी बुजवल्या. आपल्या विहिरी मात्र आपल्याच हातांनी बुजल्या, हे दुःखाने म्हणावे लागते.

येथे काही बांधव विचारतील, "हे काम नगरपालिकेचे. मंडळीचे काम सुवार्तेचे. विहिरी, झाडे आणि कचरा यांत मंडळीने का पडावे?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही शास्त्रातूनच शोधू या. याच अध्यायाचे पंचविसावे वचन उघडावे. बैर-शेबा येथे परमेश्वराने इसहाकाला दर्शन दिले. तेथे त्याने वेदी बांधून परमेश्वराच्या नावाचा धावा केला, आपला डेरा ठोकला, आणि त्याच्या दासांनी तेथेच विहीर खणली. वेदी, डेरा आणि विहीर ही तिन्ही एकाच वचनात आहेत. वेदी देवासाठी, डेरा घरच्यांसाठी. आणि विहीर घरच्यांसाठी, गुरांसाठी, वाटसरूंसाठी. आपल्या मंडळ्यांनी वेदी बांधली, म्हणजे उपासनामंदिर उभे केले. डेराही ठोकला, म्हणजे पाळकाचे निवासस्थान आणि सभागृह बांधले. तिसरी गोष्ट राहून गेली आहे. देवाने आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, हे आपण शब्बाथशाळेतच शिकलो. जमिनीलाही सातव्या वर्षी विसावा द्यावा, वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नयेत, असे नियमशास्त्र सांगते. सृष्टीची राखण ही देवाने माणसाला दिलेली अगदी पहिली सेवा आहे.

आपल्या मराठी मंडळ्यांना तर पाण्याचे मोल इतरांनी शिकवण्याची गरज नाही. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या विहिरीवर घागर बुडवण्याची बंदी होती. १८६८ साली महात्मा फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि १९२७ च्या मार्च महिन्यात डॉ. आंबेडकरांना महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आपला प्रभू तर त्याच्याही फार पूर्वी सूखार गावाजवळच्या विहिरीवर बसला होता. शोमरोनी स्त्रीच्या भांड्यातले पाणी यहूदी पीत नसत. त्याने तेच मागितले. ज्यांच्या पूर्वजांना पाणी नाकारले गेले, त्यांच्या आवारातली विहीर कचऱ्याने भरावी आणि भिंतीपलीकडच्या आयाबहिणींनी टँकरपुढे हंड्यांची रांग लावावी, हे प्रभूला कसे रुचेल?

बुजलेली विहीर पुन्हा जिवंत होते, हे बेळगावकरांना ठाऊक आहे. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा जमलेल्या लोकांसाठी टिळकवाडीत एक मोठी विहीर बांधण्यात आली. ती आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. पुढे नळाचे पाणी आल्यावर शहरातल्या अशा अनेक विहिरी दुर्लक्षित झाल्या. १९९० नंतरच्या दशकात पाण्याची टंचाई पडली, तेव्हा त्यांतील कित्येक उपसून, गाळ काढून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. जे एका शहराला साधले, ते एका मंडळीला तिच्या कुंपणाच्या आत साधणार नाही काय?

परंतु विहीर उकरली तरी तिच्यात पाणी यावयाला ते जमिनीत मुरले पाहिजे. येथे थोडा हिशेब करू या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी होते. मंदिराचे छप्पर वीस मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे दोनशे चौरस मीटर धरावे. हैदराबादेस वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे त्या एका छपरावर १,६०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला, तरी १,२८,००० लिटर उरते. पाच हजार लिटरच्या टँकरने मोजले तर पंचवीस टँकर भरतात! देव हे दान दरसाल आपल्या छपरावर ओततो आणि आपण ते गटारात सोडतो. शिवाय मोटारी लावण्यासाठी सगळ्या आवारात फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे बसवले, म्हणजे अंगणात पडलेला थेंबही जमिनीत जात नाही.

पंचमंडळाने यंदा पुढील कामे हाती घ्यावीत, अशी आमची नम्र सूचना आहे. छपराच्या पन्हाळीचे पाणी नळीने खाली आणून दगड, खडी व वाळू यांच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत किंवा बोअरजवळ मुरवावे. पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडावे. आवाराचा निम्मा भाग तरी मोकळ्या मातीचा ठेवावा, आणि मोठे झाड तोडण्याचा ठराव सर्व सभासदांच्या सभेपुढे आल्यावाचून संमत करू नये. जुनी विहीर साफ करावयाची असेल, तर मात्र कोणालाही एकदम आत उतरवू नये. बंद विहिरीत विषारी वायू साचलेला असतो आणि त्याने जीव गेले आहेत. ते काम जाणत्या माणसांकडूनच साधनांसह करून घ्यावे, आणि पाण्याची तपासणी झाल्यावरच ते पिण्यास द्यावे.

प्रीतिभोजनानंतर आवारात काय उरते, तेही पाहावे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सजावटीचा थर्मोकोल यांवर देशभर बंदी आहे. नाताळचा गोठा थर्मोकोलचा करू नये. आपला तारणारा गवताच्या गव्हाणीत निजला होता. महिला मंडळाने स्टीलची ताटे-वाट्या जमवल्या, तर त्या लग्नकार्यालाही उपयोगी पडतील. ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याची शिस्त इंदूरच्या घराघरांनी अंगी बाणवली आहे. ती मंदिराच्या आवारातही हवी. आवाराच्या कोपऱ्यात प्लॅस्टिक जाळण्याची सवय तर आजच सोडावी, कारण तो धूर प्रथम शेजारच्या लेकरांच्या छातीत जातो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही एक काम सुचवितो. तळ व तोंड सारख्याच रुंदीचे एक भांडे पावसाळ्यात अंगणात उघड्यावर ठेवावे, आणि त्यात किती मिलिमीटर पाणी साचले ते मुलांनी पट्टीने मोजून वहीत लिहावे. पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला, की दोनशे चौरस मीटरच्या छपरावर पूर्ण एक टँकर पडला, हे मुले स्वतः शोधून काढतील. त्या दिवशी इसहाकाचा पाठ घ्यावा. तो त्यांच्या जन्मभर लक्षात राहील.

शेवटी, विहिरी खणताना इसहाकाशी भांडणे झाली, हे विसरू नये. एका विहिरीचे नाव त्याने एसेक, म्हणजे तंटा, ठेवले. दुसरीचे सिटना, म्हणजे वैर. तो भांडत बसला नाही, पुढे जाऊन खणत राहिला. तिसरीवर तंटा झाला नाही, तेव्हा तिला त्याने रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे नाव दिले. मंडळीतही या कामावरून कुरबुर होईल. खर्चाचा प्रश्न निघेल. शेजाऱ्यांना पाणी का द्यावे, असेही कोणी म्हणेल. आपण खणत राहावे. ज्या अबीमलेखाने इसहाकाला घालवून दिले होते, तोच पुढे त्याच्या दारी आला आणि परमेश्वर तुझ्याबरोबर आहे हे आम्ही पाहिले आहे, अशी कबुली देऊन गेला. इसहाकाने त्याला उपदेश केल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. त्याने विहिरी खणल्या, आणि आलेल्याला जेवू घातले.

आपल्या आवारातील वेदीजवळ विहीरही असो, आणि तिच्यावर शेजाऱ्यांच्या घागरी भरोत. आमेन.