बातमीखालचे नाव

कोणतेही मराठी वर्तमानपत्र घ्या आणि शेवटच्या पानाच्या तळाशी पाहा. बारीक टाइपात तिथे काही ओळी असतात: हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक. वाचकाची नजर सहसा तिथपर्यंत पोहोचत नाही. यांतली मुद्रकाची आणि प्रकाशकाची नावे १८६७च्या मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायद्याने सक्तीची केली. इंग्रज सरकारचा हेतू उदात्त नव्हता. कोण काय छापतो यावर त्याला नजर ठेवायची होती. १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांबरोबर ‘केसरी’चा मुद्रकही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, कारण छापणारा कोण हे लपलेले नव्हते. स्वातंत्र्यानंतरही तो कायदा राहिला, २०२३मध्ये त्याच्या जागी नवा आला, तरीही अंकावर नाव छापण्याचे बंधन सुटलेले नाही.

सरकारच्या सोयीसाठी आलेली ही ओळ हळूहळू वाचकाच्या कामी येऊ लागली. बातमी चुकली तर जाब कोणाला विचारायचा, हे तिच्यामुळे ठरले. पत्र लिहिता येऊ लागले, खुलासा मागता येऊ लागला, प्रेस कौन्सिलकडे किंवा कोर्टात जाता येऊ लागले. समाजमाध्यमांनी पत्रकारितेत काय बदलले, असा प्रश्न निघाला की आपण वेगाबद्दल बोलतो, मोबाइलबद्दल बोलतो, लोकांचे वाचन कमी झाल्याबद्दल बोलतो. माझ्या मते सर्वांत मोठा बदल इथे आहे. बातमी आता कोणाचेही नाव न घेता घरात येते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या आदिवासी गावात आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची पाच माणसे तिथे उतरली. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे. मुले पळवणारी टोळी आली, असा संशय बाजारात पसरला. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मरेपर्यंत मारले. मारतानाचे चित्रण झाले आणि तेही मोबाइलवरून फिरले. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या एका कुटुंबाला, त्यातल्या लहान मुलासह, पोलिसांनी कसेबसे सोडवले. त्या वर्षी देशभर या एका अफवेने वीसहून अधिक बळी घेतले.

त्या दिवसांत एक चित्रफीत देशभर फिरत होती. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. खरे तर ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो हे सांगणारा फलक कॅमेऱ्यासमोर धरतात. फलकाचा तुकडा कोणीतरी कापला. कोणी, हे आजही आपल्याला माहीत नाही. कापलेल्या फितीवर ना संपादकाचे नाव होते, ना गावाचे, ना तारखेचे. म्हणून प्रत्येक ठिकाणी ती आपल्याच तालुक्यातली ठरली. साक्रीच्या बाजारात ज्याने ती पाहिली त्याने ती चुलतभावाकडून किंवा मित्राकडून घेतली होती, आणि त्याचा विश्वास त्या माणसावर होता. निनावी मजकुराला ओळखीच्या माणसाचा हात लागला की तो खरा वाटू लागतो. वर्तमानपत्राला जो विश्वास कमवायला वर्षे लागत, तो इथे एका नात्याने मिळून जातो.

राईनपाड्यानंतर सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला जाब विचारला. कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, आलेला निरोप दुसऱ्याचा आहे हे सांगणारी खूण सुरू केली, आणि भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी तो पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. पुढे ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२०मध्ये, कोविडच्या काळात, पुष्कळदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे झाले. अशा निरोपांची संख्या त्यामुळे ७० टक्क्यांनी घटली, असे कंपनीने सांगितले. म्हणजे वेग कमी करता येतो. ही गोष्ट लहान नाही, आणि पाच माणसांच्या मरणाआधी का सुचली नाही हा प्रश्न मला आजही छळतो. पण वेग कमी झाला म्हणून नाव आले नाही. निरोप दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो, मधल्या वाटेवर कंपनीलाही तो वाचता येत नाही. ते कुलूप तोडावे असे मी म्हणणार नाही. आंदोलनातला कार्यकर्ता, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मैत्रिणीला लिहिणारी बाई, सरकारी खात्यातली लाच उघड करणारा कारकून, या सगळ्यांना त्या कुलपाची गरज आहे.

छापील नावाचे गुणगान करताना मला थांबावे लागते ते खैरलांजीपाशी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आई, मुलगी आणि दोन मुलगे. त्याच आठवड्यात नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो लोक जमले होते. नामवंत संपादक असलेली, बातमीदारांचे जाळे असलेली मोठी वर्तमानपत्रे तेव्हाही होती. तरी ही हत्या कित्येक दिवस किरकोळ गुन्ह्याच्या बातमीत दबून राहिली, आणि जे आले त्यात मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे होते. जातीचा शब्दही नव्हता. खैरलांजी महाराष्ट्राला कळली ती सत्यशोधन समित्यांच्या अहवालांमुळे आणि ते अहवाल ई-मेल, ब्लॉग, एसएमएसवरून हातोहात फिरले म्हणून. फेसबुक तेव्हा आपल्याकडे कोणाला ठाऊक नव्हते. पण जे पुढे होणार होते त्याची सुरुवात तिथे झाली. दलित, आदिवासी, भटक्या माणसाला आपली बातमी छापून येण्यासाठी कोण्या उपसंपादकाच्या मर्जीची वाट पाहावी लागणार नव्हती.

मार्च २०१८मध्ये नाशिकहून निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चाच्या वेळी हेच झाले. सुमारे १८० किलोमीटरची वाट. सुरुवातीला वाहिन्यांनी लक्ष दिले नाही. तळपायाची सालटी निघालेल्या आदिवासी बायाबापड्यांची छायाचित्रे मोबाइलवर आली तेव्हा मुंबईकर खाऊ आणि चपला घेऊन रस्त्यावर उतरले, आणि कॅमेरे त्यांच्यामागून आले. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून मोर्चा शीवहून आझाद मैदानापर्यंत रातोरात चालला, हेही प्रथम लोकांनीच एकमेकांना सांगितले. त्या आठवड्यात मला या माध्यमाबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली होती. ती अजून आहे.

खैरलांजीचे अहवाल आणि कराचीची कापलेली फीत एकाच प्रकारच्या वाटेने फिरली. त्यांतला फरक वाटेत नव्हता. अहवाल लिहिणारी माणसे त्या गावात गेली होती, त्यांनी शेत पाहिले, पंचनाम्याची कागदपत्रे पाहिली, साक्षीदारांशी बोलली, आणि शेवटी खाली सह्या केल्या. मोर्चातल्या पायांची छायाचित्रे ज्यांनी काढली ते मोर्चाबरोबर चालत होते. जाऊन पाहिलेले आणि नावानिशी सांगितलेले असेल तर माध्यम कोणतेही असो, त्याला बातमी म्हणता येते.

जाऊन पाहणाऱ्या माणसाचे आज काय झाले आहे, हे तालुक्याच्या गावी गेल्याशिवाय कळत नाही. मोठ्या दैनिकाचा तालुका वार्ताहर हा बहुतेक ठिकाणी पगारी नोकर कधीच नव्हता. मानधन नावापुरते. खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनची, आणि जाहिराती नेत्यांच्या वाढदिवसांच्या, कारखान्याच्या, पतसंस्थेच्या. ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याच्याच दारात पुरवणीसाठी जायचे, ही अडचण जुनी आहे. तरीही एसटीच्या गाडीतून बातमीचे पाकीट जिल्ह्याला पाठवणाऱ्या त्या माणसाने कित्येक प्रकरणे बाहेर काढली, कारण तो गावात राहत होता आणि त्याला ग्रामसेवकापासून तलाठ्यापर्यंत सगळे ओळखत होते.

समाजमाध्यमांनी या माणसाची कोंडी दोन्ही बाजूंनी केली. नेत्याचे आता स्वतःचे फेसबुक पान आहे, त्याची सभा थेट दिसते, त्याला वार्ताहराची गरज उरली नाही. जाहिरातीचा पैसाही तिकडे वळला. दुसरीकडे पोलिसांची प्रेस नोट, आमदाराचे निवेदन, शाळेच्या कार्यक्रमाचा फोटो, सगळे तयार मजकुरासकट ग्रुपवर येते. चार दैनिकांत दुसऱ्या दिवशी तेच शब्द दिसतात, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. घटनास्थळी जायला पेट्रोल लागते आणि ते कोणी देत नाही. काहींनी स्वतःचे यूट्यूब पोर्टल काढले, हातात रंगीत माइक घेतला. त्यांत उत्तम काम करणारी मुले मी पाहिली आहेत. पण पोर्टल चालते ते दर तासाला काहीतरी टाकण्यावर, आणि एका प्रकरणासाठी आठवडाभर गप्प बसणे त्यांना परवडत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी २०१८मध्ये ‘सायन्स’मध्ये ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रवासाचा अभ्यास मांडला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खरीला सहापट वेळ लागला. हे यंत्रांमुळे घडले नव्हते, माणसांमुळे घडले होते. त्या शर्यतीत सावकाश खात्री करणाऱ्याला कोण पैसे देणार?

शशिकांत वारिशे यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरचे पत्रकार, रिफायनरीच्या प्रश्नावर सातत्याने लिहिणारे. ६ फेब्रुवारी २०२३ला सकाळी त्यांची बातमी ‘महानगरी टाइम्स’मध्ये आली. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीची धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याबद्दल ती बातमी होती त्या जमीन-व्यवहार करणाऱ्याला पोलिसांनी खुनाच्या आरोपाखाली अटक केली. नावानिशी लिहिण्याची अशी किंमत तालुक्याच्या गावात द्यावी लागू शकते. शहरात बसून बारा ग्रुपांवर निरोप ढकलणाऱ्याला त्याची कल्पनाही येत नाही.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये नियमांत बदल करून स्वतःचाच तथ्य-तपासणी कक्ष नेमण्याचा मार्ग काढला. सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा आहे असे या कक्षाने म्हटले की तो न काढणाऱ्या कंपनीचे कायदेशीर संरक्षण जाणार होते. मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान मिळाले. जानेवारी २०२४मध्ये दोन न्यायमूर्तींची मते वेगवेगळी पडली, सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींनी तो बदल घटनाबाह्य ठरवला. मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्यानेच ती खरी की खोटी हे ठरवायचे असेल, तर १८९७च्या सरकारला याहून अधिक काय हवे होते?

तपासणीचे काम बूम किंवा ऑल्ट न्यूजसारख्या संस्था करतात. पण त्यांचा खुलासा पोहोचतो तो ज्याला आधीच शंका होती त्याच्यापर्यंत. साक्रीच्या बाजारातल्या माणसाला तो अहिराणीत किंवा कोकणा बोलीत, त्याच्या ओळखीच्या कोणाकडून, संशय पसरण्याआधी ऐकू यायला हवा होता. हे काम मुंबईतून होत नाही. ते साक्रीत राहणारा, बाजाराच्या दिवशी तिथे असणारा वार्ताहरच करू शकतो. सोलापूर-मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी दरवर्षी या भागात येतात, ते कोण आहेत, त्यांच्या पालांवर मुले कशी वाढतात, यावर आधीच्या महिन्यांत कोणी चार ओळी लिहिल्या असत्या तर बाजारातल्या एखाद्याला तरी ते आठवले असते.

मालकांनी तालुका वार्ताहराला जाहिरातीच्या कमिशनपासून मोकळे करून महिन्याचा पगार आणि प्रवासखर्च द्यावा, ही मागणी पत्रकार संघटना जुन्या काळापासून करत आहेत. तिला आता वाचकांनी साथ द्यावी असे मला वाटते. महिन्याला मोबाइलच्या डेटावर आपण जे खर्च करतो त्याचा लहानसा हिस्सा एखाद्या स्थानिक साप्ताहिकाच्या, नाव लावून लिहिणाऱ्या पोर्टलच्या वर्गणीला द्यावा. आणि संपादकांनी चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर चौकटीत छापून न थांबता ज्या ग्रुपांवर ती बातमी गेली त्याच ग्रुपांवर, आपल्या नावाने आणि फोन नंबरसह, पुन्हा पाठवावी. ज्याला फोन करून प्रश्न विचारता येतो असा एक जिवंत माणूस प्रत्येक तालुक्यात असावा, एवढे तरी महाराष्ट्रातल्या दैनिकांना परवडायला हरकत नाही.