पडशीचा भार आणि अपरिग्रह

ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्री ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते. आषाढी एकादशीपूर्वी ती पंढरपुरास पोहोचते. सुमारे २५० किलोमीटरच्या या वाटेसाठी जुना वारकरी खास सामान विकत आणीत नसे. घरातीलच चार जिन्नस पडशीत पडत. पंचा अंग पुसावयास होई, डोईस गुंडाळला की ऊन अडवी, गाठ मारली की शिधा सांभाळी. तांब्या पिण्यास आणि स्नानासही. जुने नऊवारी लुगडे रात्री पांघरूण, सकाळी आडोसा. दशम्या दुधात भिजवलेल्या, कारण त्या पाण्यात भिजवलेल्या भाकरीपेक्षा अधिक टिकतात. सुई-दोऱ्याचे तर वजनच नाही!

संग्रह न करणे म्हणजे अपरिग्रह. पातंजल योगसूत्रांत त्याची गणना पाच यमांत केली आहे. हलकी पडशी हेच त्याचे लक्षण, असे सहज मानले जाते. परंतु पडशीतून उतरलेला भार गेला कोठे, हा प्रश्न उरतोच.

बहुतेक दिंड्यांसमवेत ट्रक वा टेम्पो असतो. तंबू, शेगड्या, धान्याची पोती आणि वारकऱ्यांच्या वळकट्या त्यातून पुढील मुक्कामी जातात. यात गैर काही नाही. वृद्ध माउलींना त्यावाचून वारी घडणेच कठीण. मात्र ट्रकात दोन बॅगा ठेवून खांद्यावर केवळ पताका घेणाऱ्याने त्यास अपरिग्रह म्हणू नये. ज्याच्यापाशी तांब्या नाही, तो शेजाऱ्याचा मागतो. त्याचे ओझे शेजाऱ्याने वाहिलेले असते.

पावसाच्या सोयीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. घोंगडी ओली झाली तरी ऊब देते, परंतु भिजलेली घोंगडी घेऊन दिवे घाट चढणे म्हणजे परीक्षाच. प्लास्टिकचा पातळ कागद घडी घातली की मुठीत मावतो. चालणाऱ्याच्या दृष्टीने सरशी कागदाचीच, हे मान्य करावे लागेल. पण तो फाटला, बांधावर टाकला गेला, की त्याचे ओझे शेतकऱ्यावर पडते. कधी गाईच्या पोटातही जाते. धान्याची रिकामी गोणी, एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ, हा खेड्यातील जुना उपाय. एखाद्या सरीपुरता त्याने निभाव लागतो, दुपारी तीच बसावयास होते आणि परतल्यावर घरी पुन्हा कामास येते. मुसळधारेत मात्र ती पुरत नाही. तेथे कागदच घ्यावा आणि फाटला तरी पडशीतच परत आणावा.

हलकेपणाचा हट्ट प्रकृतीच्या आड येऊ देऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या, चष्मा, वैद्यांची चिठ्ठी ही पडशीतून काढावयाची वस्तू नव्हे. औषधावाचून वाटेत कोसळलेल्या भाविकास उचलून नेणाऱ्यांच्या खांद्यावर मग गोळ्यांच्या पाकिटापेक्षा कितीतरी अधिक भार येतो.

राहता राहिली ताटली. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ मध्ये बंदी आली, तरी एकदा वापरून फेकावयाच्या अन्य ताटल्यांचे ढीग पंगतीनंतर गावकऱ्यांनाच आवरावे लागतात. काही वारकरी घरची स्टीलची ताटली आणतात. जेवण होताच ती चिमूटभर राखेने घासून, पंचाने पुसून पडशीत ठेवतात. तेवढ्याने पडशी थोडी जड होते.