सुटे भाग आणि गाडीची ओळख

१९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी बेंटली स्पीड सिक्स 'ओल्ड नंबर वन' या नावाने प्रसिद्ध आहे. १९९० साली तिच्या एक कोटी पौंडांच्या सौद्यातून खरेदीदाराने माघार घेतली. त्याचे म्हणणे, ही ती गाडीच नव्हे: इंजिन दुसरे, चासी दुसरी, वरची बॉडी तर नक्कल. वाद लंडनच्या हायकोर्टात गेला. १९२९च्या गाडीतले जवळजवळ काही शिल्लक नाही, हे न्यायमूर्ती ऑटन यांनीही मान्य केले. तरी निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. ही गाडी मोडीत निघून मागाहून नव्याने उभी केलेली नव्हती. शर्यती, त्यांसाठी केलेले बदल, १९३२ सालचा ब्रुकलँड्सचा जीवघेणा अपघात, त्यानंतरची बांधणी, या सगळ्यांतून ती अखंड चालत आली होती.

मला हा निकाल पटतो. आपल्याकडचा 'ओरिजिनल की डुप्लिकेट' हा वाद बहुतेकदा डब्यावरच्या कंपनीच्या शिक्क्यापाशी अडतो. भाग कुठे बनला याइतकेच तो कधी आणि कशासाठी बसवला, हेही विचारायला हवे.

मुंबईची प्रीमियर पद्मिनी घ्या. फियाट ११००ची ही कुर्ल्यात घडलेली लेक. तिची शेवटची काळीपिवळी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाल्यांना गाडी एक दिवस उभी ठेवणे परवडत नसे. मिळेल तो लोकल भाग टाकून ती संध्याकाळपर्यंत धंद्याला लागायची. अशा भागांवर जगलेल्या टॅक्सीला खोटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते भाग हाच तिचा इतिहास आहे.

ब्रेकच्या बाबतीत तर जुन्याचा हट्ट मला सरळ धोक्याचा वाटतो. मास्टर सिलिंडरचे रबर किट बंद डब्यात, कंपनीच्या कागदात गुंडाळलेले सापडले की शौकीन हरखून जातात. पण रबर न वापरताही म्हातारे होते. वॉशर बोटांत धरून वाकवला की कडेला केसासारख्या भेगा दिसतात, आणि घाटात पाय दाबल्यावर भरवसा याच कडेवर ठेवायचा असतो. पेट्रोलच्या नळ्यांचेही तेच. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल त्या काळच्या रबरासाठी नव्हतेच. तिथे आजच्या मटेरियलची नळीच हवी.

पत्र्याला मात्र हा न्याय लावू नये. दाराखालच्या पट्टीत पावसाचे पाणी साचते आणि गंज बहुधा तिथूनच वर चढतो. चांगला डेंटर ठोकून आवाज ऐकतो, सडका भाग तेवढा कापतो, धड पत्रा लागला की थांबतो आणि हाताने घडवलेला तुकडा तिथे जोडतो. याला दिवस लागतात. घाईचा मार्ग म्हणजे अख्खा पॅनल कापून तयार नवा चढवायचा. त्याचा बाक मूळ बाकाशी जुळला नाही, तर दाराची फट वर बोटभर आणि खाली नखाएवढी राहते, मग लांबी भरून ती झाकायची. रंग चढला की कोणाला काही दिसत नाही. पण कारखान्याच्या प्रेसखालून निघालेला पत्रा भंगारात गेलेला असतो, तो परत येत नाही. नवा भाग जुना म्हणून खपवण्याची सोय होते तीही इथेच, आणि माझा खरा राग तिच्यावर आहे.

जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' हिने २०१२ साली तुरीन सनद स्वीकारली. बदललेल्या भागांवर डोळ्यांत न भरणारी पण ओळखता येणारी खूण असावी, असे ती सुचवते. आपल्याकडे २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत, अशी अट घातली. अट रास्त आहे. तिच्या जोडीला बदललेल्या भागांची यादीही सक्तीची करावी: काय काढले, काय बसवले, कोणत्या साली आणि कोणत्या गॅरेजात. काढलेले भाग भंगारवाल्याला न देता चिठ्ठी लावून पोत्यात जपावेत, आणि गाडी विकताना यादीसोबत ते पोतेही नव्या मालकाच्या ताब्यात द्यावे. अशा गाडीला जास्त पैसे मोजायला मी तयार आहे.